धोंड्याचा महिना मोजायचा नाही

गरोदर लेकीला, अश्लेषाला, ठाण्याहून विमानाने आणायचं की नाही, हे ठरवायचा मान सगळ्यांनी मिळून गोदावरीबाईंना दिला आणि त्या दिवसापासून त्यांची कंबर धरली. या घरात आपल्याला कोणी विचारत नाही, ही त्यांची लग्नापासूनची तक्रार. आता सगळेच विचारत होते. अकोल्याचा उन्हाळा, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत आटलेलं, आणि फोन वाजायचा थांबत नव्हता. जो तो सगळं बोलून झालं की शेवटी म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं."

ठाण्याची डॉक्टरीण म्हणाली होती, प्रकृती उत्तम आहे, प्रवासाचं घरच्यांनी ठरवा. जावई अद्वैत म्हणाला, आई म्हणतील तसं. त्याची आई म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा माहेर म्हणेल तसं. अश्लेषा म्हणाली, "ठरलं की मला उठवा." राहिले रविकांतगुरुजी, गोदावरीबाईंचे यजमान. अर्ध्या अकोल्याचे मुहूर्त ते काढून देत. त्यांनी झोपाळ्यावरूनच निकाल दिला, "शास्त्रात विमान आहे. पण त्यात पोटुशी बाई बसल्याचं कुठे नाही."

गोदावरीबाईंना मात्र लेक घरी हवी होती. लग्न ठाण्याला झालं, सासरच्यांच्या सोयीनं. डोहाळजेवणही ठाण्यालाच, सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि तिथे सख्ख्या आईला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची. आता एक बाळंतपण तेवढं उरलं होतं. मधल्या खोलीत बाज टाकून झाली होती, डिंक-खारका डब्यात भरल्या होत्या, पंचफुलाला मालिशीचं सांगून ठेवलं होतं. गल्लीतली निम्मी पोरं पंचफुलाच्या हातून न्हाऊन मोठी झालेली, आणि गल्लीतली सगळी बातमी तिच्याच तोंडून न्हाऊन बाहेर पडे. बाळंतीण येईपर्यंत ती रोज गोदावरीबाईंचीच कंबर रगडून देत होती.

"कितवा हाय आता?" पालथ्या पडल्या पडल्या गोदावरीबाईंनी फोनवर लेकीला विचारलं.

"आई, आम्ही आठवड्यांत मोजतो."

"आठवड्यानं बाजार भरते. बाई महिन्यानं राह्यते. कितवा?"

पंचफुला तेलकट हात तोंडावर धरून हसली. तिकडे अश्लेषाने जांभई दिली. "तुझ्या हिशेबाने आठवा लागला असेल."

गोदावरीबाई उठून बसल्या. लेकीला आणावं सातव्यात, नाहीतर नवव्यात. आठव्यात बाई उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, हे त्यांच्या सासूने सांगितलेलं, आणि सासूचं एवढं एकच त्यांनी ऐकलं होतं.

अद्वैतने फोन घेतला. "आई, पण विमानवाले नवव्यात घेतच नाहीत. आठव्यात घेतात, डॉक्टरांची चिठ्ठी असली तर."

"म्हनजे मी आठव्यात नाई म्हनतो, अन् थे नवव्यात नाई म्हनतेत."

"हो."

"मंग सातवा कुठं गेला?"

"सातवा फोनवर गेला," झोपाळ्यावरून गुरुजी म्हणाले.

रेल्वेचं पाहावं तर सुट्यांमुळे आरक्षण मिळेना, आणि रात्रभराचे धक्के अश्लेषाला नको होते. ठाण्याहून मुंबई, मुंबईहून विमानाने अमरावती, तिथून मोटारीने अकोला, एवढाच रस्ता राहिला होता आणि तो आठव्या महिन्याने अडवून धरला होता. दोन दिवस गोदावरीबाई ना नीट जेवल्या, ना त्यांनी कोणाला नीट बोलू दिलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजी कोणा यजमानाला फोनवर सांगत होते, "नाही जमणार. यंदा अधिक मास आलाय, धोंड्याचा महिना. यात काही धरत नाहीत. निज ज्येष्ठात बघू."

गोदावरीबाई हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आल्या. "काय म्हनलं तुमी त्याले?"

"धोंड्याच्या महिन्यात काही धरत नाहीत म्हटलं."

"मंग पोरीचा कावून धरता?"

"अगं, गर्भ काय पंचांग पाहून वाढतो?"

"लगन धरत नाई, मुंज धरत नाई, वास्तू धरत नाई. हा महिना पोटालेच तेवढा लागू हाय का? जास्तीचा महिना तो, मोजायचा नाई. पोरगी सातव्यातच हाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे उत्तर होतं. पण आत पोळी करपल्याचा वास सुटला होता, आणि जेवणाआधी कोणता वाद हरावा हे त्यांना संसाराने शिकवलं होतं. "बरं," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत अश्लेषाला सातवा आहे ही बातमी पंचफुलाने गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली.

अद्वैतने डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, तिकिटं काढली. तो दिवस मंगळवार निघाला. मंगळवारी लेकीला घरातून काढत नाहीत, म्हणून पुढची फेरी धरली. विमान काही रोज नव्हतं. पुढच्या फेरीला चतुर्थी आली.

"महिनाच धरायचा नाही म्हटल्यावर तिथी कुठली धरतेस?" गुरुजींनी विचारलं.

"महिना नसला तरी दिवस उगवते ना?"

पुन्हा पुढची फेरी. जावई गरीब स्वभावाचा. त्याने तिकिटं बदलली, आणि डॉक्टरांची जुनीच चिठ्ठी नव्या तिकिटांसोबत पिशवीत ठेवली.

त्या दिवशी भाड्याच्या मोटारीत उशा, लोड, थंड पाण्याचा कॅन आणि पंचफुला, असं सगळं घेऊन गुरुजी नवरा-बायको बडनेऱ्यावरून अमरावतीच्या विमानतळावर पोचले. पंचफुलाच्या हातात रुमालात भाकरतुकडा होता, लेकीवरून ओवाळून टाकायला. विमान उतरलं. कोट हातावर टाकलेले दोन गृहस्थ आले, एक नवं जोडपं आलं, एक बाई आली, पण ती कोणा दुसऱ्याची लेक. दार बंद झालं आणि वाटेत लागत नव्हता तो जावयाचा फोन आता वाजला.

"आई, आम्हाला बसूच दिलं नाही."

"कावून?"

"चिठ्ठी जुनी झाली म्हणाले. मग तिथल्या डॉक्टरांनी फाइल पाहिली, आठवडे मोजले. म्हणाले, नववा लागलाय."

"नववा? तुमी काई बोल्लेच नाई?"

"बोललो ना. सासूबाईंच्या हिशेबाने सातवाच आहे, असं सांगितलं."

"मंग?"

"ते म्हणाले, सासूबाईंना घेऊन या."

गोदावरीबाई मोटारीत जाऊन बसल्या. मोटार परतीला लागली. ओवाळलेला नाही म्हणून मूर्तिजापूर यायच्या आत पंचफुलाने भाकरतुकडा लोणच्याशी खाऊन टाकला. गोदावरीबाईंना ती रिकामी बाज दिसत होती, आणि ठाण्याच्या दवाखान्यात लेकीजवळ बसलेली विहीणबाई.

"एक पोट आणि तीन महिने," गुरुजी हळूच म्हणाले. "ती येत नाही, तर तू जा."

"मी? इमानात?"

आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. रक्तदाबाचे डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठीक आहे, घरच्यांनी ठरवा. जावई म्हणाला, आई म्हणतील तसं. विहीणबाई म्हणाल्या, त्यांना झेपेल तसं. अश्लेषा म्हणाली, "चिठ्ठी घेऊन ये, आई. आणि त्याच दिवसाची आण." गोदावरीबाईंनी एक रात्र कूस बदलत काढली आणि सकाळी कोणालाच विचारलं नाही. जवळची फेरी मंगळवारची होती. गुरुजींनी पंचांग उघडलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि मिटलं.

विमानात त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, ते चाकं जमिनीला टेकल्यावरच उघडले. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, त्यावर जावयाच्या धोंड्याच्या वाणाच्या अनारशांचा. ठाण्याला अनारसे पाहून अद्वैत संकोचून म्हणाला, "आई, हा महिना धरायचा नव्हता ना?"

"जावयासाठी धरतेत," त्या म्हणाल्या आणि कंबर धरून खाली बसल्या.

पंधरवड्याच्या आत अश्लेषा मोकळी झाली. मुलगी झाली, गोरी, गुबगुबीत, मनगटाला वळी पडलेली. विहीणबाईंनी आपणहून बाळ आधी गोदावरीबाईंच्या हातात दिलं. इतक्या महिन्यांचा शीण त्या घटकेला उतरला. दुपारी लेकीच्या खाटेशी बसून त्यांनी पहिला फोन लावला तो पंचफुलाला, कारण तिला सांगितलं की गल्लीला निराळं सांगावं लागत नाही.

"नात झाली व पंचफुला."

पलीकडे कूलर बंद केल्याचा आवाज आला. मग पंचफुला दबक्या आवाजात म्हणाली, "माय व. सातमाशी? काचेच्या पेटीत ठुली का वो काकू?"

"कायची पेटी? भल्ली गुबगुबीत हाय. मनगटाले वळ्या हायेत."

"सातव्यात? अन् वळ्या?" पंचफुलाच्या मागे आणखी दोन-तीन बायकांचे आवाज ऐकू आले. "काकू, मी तं सगळ्याईले सातवाच सांगतला. तुमीच म्हनल्या होत्या."

गल्लीतल्या बायका बोटं मोजताहेत हे गोदावरीबाईंना ठाण्यात बसून दिसलं. त्यांनी पदराने घाम पुसला. "ऐक. तो धोंड्याचा धरजो."

"धरू? तुमीच तं नाई म्हनल्या."

"येन्या-जान्याले नाई धरत. जन्माले धरतेत."

पंचफुला पुटपुटत मोजत राहिली. "तरी आठच भरते वो काकू. आठव्यातलं तं सातव्याहून वाईट म्हनतेत."

गोदावरीबाईंनी खाटेकडे पाहिलं. अश्लेषा डोळे मिटून पडली होती, पण तिचं पोट हसण्याने हलत होतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि पडत्या आवाजात म्हणाल्या, "हे पाय पंचफुला, खरा हिशेब आठवड्याचा राह्यते. अश्लेषाले देतो फोन. ते सांगन तुले बराबर."

"आठवड्यानं तं बाजार भरते ना वो, काकू?" पंचफुला म्हणाली.