दिगांबरभाऊंची ट्रायल

मालेगावच्या दिगांबरभाऊंकडे गाडी नेली की ते आधी गाडी पाहत नाहीत, तुमच्या चपला मागतात. चपला उलट्या करतात, टाचेची झीज अंगठ्याने चाचपतात आणि निदान सांगतात. "गुरुजी, तुमी डाव्या पायावर रेलता. जरा सरळ चालत जा." तोवर आपण फरशीवर अनवाणी.

चाकांची अलाइनमेंट हा त्यांचा धंदा. ते मात्र त्याला 'वळण लावणं' म्हणतात. वळण ते दिसेल त्याला लावतात. माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत स्टेजवर चढून त्यांनी अंतरपाट सरळ केला होता. भटजी थांबले, तर म्हणाले, "चालू द्या महाराज, आता लेवलमंदी हाये."

बावन्नाव्या वर्षी मला दुर्बुद्धी झाली आणि नव्या स्प्रिंगा टाकून मी आपली गाडी दोन इंच खाली करून घेतली. बायको म्हणाली, "वय वर चाललं अन् गाडी खाली." गाडी झोकदार दिसत होती. पण थोड्याच दिवसांत पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले आणि स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी रस्त्याकडेच्या सोयाबीनकडे निघायची. नाइलाजाने भाऊंकडे गेलो.

"हे काहून केलं?"

"बरी दिसते."

"बरी दिसते. उंची कमी केली, पण चाकाले कोनी इचारलं? वरून आत कलली, समोरून फाकली. टायर खाईन नाई त काय करीन?"

बोलणी खाऊन झाल्यावर काम सुरू झालं. चारही चाकांची हवा सारखी केली. मला स्टिअरिंगमागे बसवलं, कारण "रिकामी गाडी कोन चालवते? मानसाचं वजन धरूनच माप घ्या लागते." मग गाडीखाली शिरून ते रॉड फिरवत राहिले. मशीनच्या पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले, तरी भाऊंचं समाधान होईना. "मशीनले काय समजते," म्हणून आणखी अर्धा तास. शेवटी हात पुसत ते माझ्या शेजारी येऊन बसले. "चला, ट्रायल."

गावाबाहेर पडलो. गाडी सुतासारखी सरळ.

"झालं की भाऊ. वळवू?"

"अजून जरा घ्या."

असं जरा जरा करत किन्हीराजा आलं. तिथे त्यांनी एका घरासमोर थांबायला सांगितलं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. धुवट लुगडं, नीट विंचरलेले केस, मांडीवर पिशवी. गावाला निघाल्यासारखी.

"माही मोठी बहीण," भाऊ म्हणाले.

"आज कोनाची गाडी रे दिगू?"

"शाळेतल्या गुरुजीची, आक्का."

काठी टेकत आक्का आल्या. भाऊ हात द्यायला पुढे झाले, पण आक्कांनी स्वतःच दार उघडलं, पाठ फिरवली आणि अलगद मागच्या सीटवर बसल्या. स्वतःच चकित झाल्या. मग खुदकन हसल्या.

"गुरुजी, लय गुनाची हाये तुमची गाडी. बाकीच्यात चढाले मले पाट लागते. गुडघेच नाईत ना."

मी भाऊंकडे पाहिलं. गाडी खाली केल्याबद्दल दुपारभर मला झापणारा हा माणूस आता स्वच्छ काच रुमालाने पुसत होता. पुसता पुसता हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी गेले तवापासून घराबाहेर पडेना. चाल फिराले, म्हनलं त नाई म्हने. मंग सांगितलं, आक्का, मांगं वजन नसलं त मले माप समजत नाई. कामाचं म्हनलं तवा निंगाली."

आम्ही शिवारातून चक्कर मारली. आक्का खिडकीतून प्रत्येक शेताच्या मालकाचं नाव सांगत होत्या, कोणाची सून आली, कोणाची विहीर लागली. घर आलं. मी गाडी थांबवली. त्या उतरल्या नाहीत.

"दिगू," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मले अजून बराबर नाई वाटत. आनखी एक चक्कर लागन."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडी वळवली.