विजूकाकूंच्या मिक्सरचं नाव

नोटीस सकाळी मेलवर आली आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत अण्णासाहेबांनी ती घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी वाचून दाखवली. मुलगा सुधन्वा गुरुग्रामला ऑफिसात होता, त्याला फोनवर. सून स्वरूपा आतल्या खोलीत बसून घरूनच नोकरी करत होती, तिला दारात उभं राहून. आणि ज्यांच्या नावे ती आली होती त्या विजयालक्ष्मीबाईंना सगळ्यात शेवटी, कारण त्या वाटण वाटत होत्या आणि मिक्सर चालू असताना त्या घरात कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे.

मिक्सर 'घनगर्ज' कंपनीचा होता. नोटीसही त्याच कंपनीची होती.

"'आमच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कचा आपण आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यात बेकायदेशीर वापर केला आहे,'" इंग्रजीचं जागच्या जागी मराठी करत अण्णासाहेब कडाडले. "बेकायदेशीर! फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये बसून लसणीच्या चटणीवर लिहिणारी बाई बेकायदेशीर!"

"म्हणजे मला पकडतील का हो?" विजयालक्ष्मीबाईंनी पदराला हात पुसत विचारलं.

"पकडून तर बघू देत!"

दोन वर्षांपूर्वी स्वरूपानेच सासूबाईंना ती वेबसाइट काढून दिली होती. लोक इंटरनेटवर मिक्सरचंच नाव शोधतात, म्हणून पत्ता ठेवला 'घनगर्ज मिक्सर मराठी डॉट कॉम'. सुकं खोबरं कुठल्या भांड्यात फिरवावं, पुरण गरम असताना घातलं तर मोटार कशी कुरकुरते, शेंगदाण्याचं कूट कुठल्या क्षणी तेल सोडायला लागतं, असं सगळं विजयालक्ष्मीबाई तिथे लिहायच्या. त्यांच्या पानावरच्या लिंकवरून कोणी मिक्सर घेतला की कंपनी थोडं कमिशन पाठवायची. तिच्या 'पार्टनर प्रोग्रॅम'ची तशी रीत होती.

पण बाईंचा जीव कमिशनात नव्हता. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर जन्मभर सरकारी क्वार्टरं बदलत आलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारत होतं. दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी विचारायची, "विजूकाकू, छोट्या भांड्यात इडलीचं पीठ होईल का?" आणि विजूकाकू इथे डाळ भिजत घालून, करून बघून मग उत्तर द्यायच्या. पत्ता गेला तर या मुली आपल्याला शोधणार कुठे, ही त्यांची भीती होती. त्यांनी ती बोलून दाखवली नाही. पण त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं.

"गेल्याच महिन्यात याच लोकांनी हिला 'स्टार पार्टनर' म्हणून सर्टिफिकेट पाठवलं," अण्णासाहेब आळणी आमटी भुरकत म्हणाले. संतापात त्यांना चव कळत नव्हती. "एका हाताने हार आणि दुसऱ्या हाताने जोडा!"

"बाबा, अ‍ॅक्चुअली टर्म्समध्ये आहे ते," स्वरूपा हळूच म्हणाली. "बाविसावा क्लॉज. डोमेनमध्ये कंपनीचं नाव वापरायचं नाही. मी 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक केलं होतं."

"न वाचता?"

"कोणीच वाचत नाही, यार." तिने जीभ चावली. "सॉरी, बाबा."

अण्णासाहेब मिठाच्या पुडीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारे. केंद्र सरकारातली सगळी नोकरी त्यांनी 'सादर विचारार्थ' लिहिण्यात घालवली होती. चूक आपलीच आहे हे कळल्यावर त्यांचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. त्यांनी कंपनीच्या पार्टनर विभागाला फोन लावला. तिकडे अनुराग नावाचा गोड आवाजाचा तरुण होता.

"सर, मॅडम तो हमारी स्टार हैं!"

"तो फिर नोटीस किसने भेजा?"

"वो लीगलवाले होंगे, सर. हम मार्केटिंग हैं."

"तो लीगल को पूछो!"

"सर, वो ऊपरवाली मंज़िल पे बैठते हैं. उनका नंबर हमारे पास नहीं होता."

 शेजारच्या खोलीत काय चाललंय हे माहीत नसण्याची सोय फक्त सरकारलाच आहे, असं अण्णासाहेब आजवर समजत होते.

"ठीक आहे," फोन आपटून ते म्हणाले. "नाव नको म्हणतात ना? नाव नाही! स्वरूपा, कंपनीचं नाव काढून टाक. सगळीकडून."

"बाबा, फक्त पत्त्यातून काढायचंय. आत लेखात लिहिलं तर चालतं."

"अर्धवट काही नाही. आदेश आला की तो शब्दशः पाळायचा. वर एक शब्द जास्तच पाळायचा."

"आणि लिंक? त्यातही नाव आहे."

"उडव."

नवा पत्ता ठरला 'विजूकाकू डॉट कॉम'. तो कोणी घेतलेला नव्हता; प्रश्न विचारणाऱ्या मुलींना स्वरूपाने तो कळवून टाकला. स्वरूपाला प्रश्न पडला तो पुढचा. "पण आई, नाव न घेता त्या मिक्सरबद्दल लिहिणार कसं?"

"त्यात काय एवढं?" विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याबद्दल बोलतेच आहे की. कधी नाव घेतलंय का?"

आणि खरोखरच त्यांना ते सहज जमलं. 'आमच्याकडचा तो', 'आमचा निळ्या झाकणाचा' असं त्या लिहू लागल्या. अण्णासाहेब रोज सकाळी चष्मा लावून पान तपासायचे, कुठे नाव राहून तर गेलं नाही ना म्हणून. एका सकाळी ते मध्येच थांबले.

"'आवाज फार, पण मनाने वाईट नाही. लवकर तापतो. अशा वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नये, थोडा वेळ एकटं सोडावं.' हे मिक्सरबद्दलच आहे ना?"

"मग दुसऱ्या कोणाबद्दल असणार?" बाईंनी कोथिंबीर निवडता निवडता विचारलं.

वाचणाऱ्या बायकांना हे भलतंच आवडलं. प्रत्येकीच्या घरी एखादा तसा मिक्सर होताच. पान इकडून तिकडे गेलं, दिल्लीभर पसरलं. अडचण एवढीच झाली, की 'निळ्या झाकणाचा, तीन भांड्यांचा' मिक्सर 'मधुस्वर' कंपनीचाही होता. नोएडाच्या रसिकाने दुकानात जाऊन वर्णन सांगितलं, दुकानदाराने तोच काढून दिला. तिने लगेच कळवलं, "काकू, तुमचा मिक्सर आणला. एकदम बढिया! पण तुम्ही म्हणता तसा ओरडत मात्र नाही."

"अगं बाई, चुकीचा घेतला की तिने," विजयालक्ष्मीबाई हळहळल्या.

"उत्तम झालं!" अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "अजून घेऊ देत!"

अजून घेतले. लाजपत नगरच्या एका सरदारजींनी तर मधुस्वरची खोकी दुकानापुढे मांडून वर पाटी लावली, 'विजूकाकू वाला मिक्सर'. तिकडे अनुरागचा आवाज दिवसेंदिवस रडवेला होत गेला.

"सर, मॅडम के पेज से एक भी सेल नहीं आ रही. प्लीज़, नाम ले लीजिए ना."

"नाम लेने से नोटीस आता है."

"सर, वो लीगल था!"

"तो लीगल से लिखवाके लाओ, कि नाम लेना मना नहीं है."

"सर, उनका नंबर..."

अण्णासाहेबांनी फोन ठेवला आणि निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच दुपारी गाढ झोपले.

हे सुख महिनाभर टिकलं. मग मधुस्वर कंपनीने बाजारात नवा मिक्सर आणला. त्याचं नाव 'विजूकाकू'. खोक्यावर एक नऊवारीतली, भली मोठी नथ घातलेली, गालांवर खळ्या पडलेली बाई. विजयालक्ष्मीबाई आयुष्यात लग्नाच्या दिवसाखेरीज नऊवारी नेसल्या नव्हत्या. पाठोपाठ मेल आला. कंपनीने आपल्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये सामील होण्याचं त्यांना अगत्याने आमंत्रण दिलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की 'विजूकाकू' हा आमचा ट्रेडमार्क असून तो आपल्या पत्त्यात वापरणं नियमबाह्य आहे. सबब तो पत्ता आमच्या स्वाधीन करावा.

या वेळी अण्णासाहेबांनी मेल कोणालाही वाचून दाखवला नाही.  वाचून दाखवला तो स्वरूपाने.

विजयालक्ष्मीबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि लॅपटॉप मिटला. "जाऊ दे. मिक्सरचं नाव त्यांचं होतं, ते त्यांनी नेलं. आता माझंही त्यांचंच असेल, तर मी कशाच्या जोरावर लिहू?"

त्यानंतर घरात मिक्सर लागला नाही. मुनिरक्याच्या मुलीने ढोकळ्याचं पीठ विचारलं होतं, ते तसंच राहिलं. जेवताना बाजारातली चटणी पानात आली. ती अण्णासाहेबांनी चाखली, पान बाजूला सारलं, आणि ते फोन घेऊन बाल्कनीत गेले.

मधुस्वरच्या नोएडा ऑफिसातून पाच जणांकडे फिरत फिरत तो फोन शेवटी कायदा विभागातल्या मैत्रेयी नावाच्या मुलीकडे पोचला. ती निघाली नाशिकची. अण्णासाहेबांना मायबोलीत भांडायला मिळालं. त्यांनी साठवलेलं सगळं बाहेर काढलं: हार, जोडा, बाविसावा क्लॉज, वरची मंज़िल, नथ. मुलीने ते निमूटपणे ऐकून घेतलं.

"काका, तो मेल मार्केटिंगने पाठवला. आमच्या ट्रेडमार्कच्या अर्जात 'विजूकाकू' हे काल्पनिक पात्र आहे असं लिहिलंय," ती म्हणाली. "कोणीही विजू, कोणाचीही काकू."

"काल्पनिक? आत्ता आत बसलीय ती!"

"कोण?"

"आमची ही."

"'ही' म्हणजे?"

"म्हणजे... घरातली मंडळी."

"काका, खरी बाई असेल तर तिच्या परवानगीशिवाय आम्हाला ते नाव ठेवता येणार नाही. मी आज अर्ज थांबवते. पण मला लिहून घ्यावं लागेल. पूर्ण नाव सांगा."

"सुधन्वाची आई."

"असं मी फाइलवर कसं घेणार? त्यांना स्वतःचं नाव असेल ना?"

 खाली भाजीवाल्याची हाळी चालू होती. समोरच्या बाल्कनीत वर्माजी कुंड्यांना पाणी घालत होते. नोटीस आल्यापासूनचा सगळा संताप अण्णासाहेबांच्या गळ्याशी येऊन एका जागी अडकला होता, आणि त्या जागेवरून आजवर तो शब्द कधीच बाहेर पडला नव्हता. लग्नात भटजींनी सांगितलं तेव्हासुद्धा ते नुसतं पुटपुटले होते.

"हॅलो? काका, नाव?"

"विजयालक्ष्मी," ते म्हणाले.

"आवाज कट होतोय. परत सांगा."

"विजयालक्ष्मी!"

"विजय... पुढे काय?"

"विजयालक्ष्मी!" अण्णासाहेब असे गरजले, की वर्माजींच्या हातातली झारी तिरपी झाली आणि भाजीवाल्याने वर पाहिलं. "वि-ज-या-ल-क्ष्मी! काल्पनिक नाही! माझी बायको आहे! विजयालक्ष्मी!"

"मिळालं, काका," मैत्रेयी म्हणाली. "पत्ता त्यांच्याकडेच राहू दे. आमचं नाव आम्ही बदलतो."

पण अण्णासाहेबांना आता थांबता येत नव्हतं. फोन बंद झाला तरी ते एकदा मोठ्याने आणि मग एकदा अगदी हळू, कसं वाटतं ते बघावं तसं, पुन्हा तेच म्हणाले.

स्वयंपाकघरातून विजयालक्ष्मीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. पाठोपाठ स्वरूपा. अण्णासाहेब कठडा धरून उभे होते. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"स्वरूपा, डॉक्टरांना फोन लाव आधी!" विजयालक्ष्मीबाई ओरडल्या. "हे मला नावाने हाक मारताहेत!"