वाजवून घेतलेली बरणी

लोणच्याची बरणी मांजरानं फोडली, असं डिंगोऱ्याचे सोपानराव अजूनही छातीठोकपणे सांगतात. (मांजर त्या वेळी शेजाऱ्यांच्या कौलावर झोपलं होतं, पण ते जाऊ द्या.) फुटली ती त्यांच्या आईची चिनीमातीची बरणी. आणि यंदाचं लोणचं काही साधंसुधं नव्हतं! आईनं लावलेला आंबा वादळात आडवा झाला, त्याच्या शेवटच्या कैऱ्यांचं लोणचं होतं ते. मसाला लावून परातीत तयार, आणि भरायला बरणीच नाही.

"प्लास्टिकच्या डब्यात भरू का?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"आईच्या झाडाचं लोणचं प्लास्टिकात? आत्ता जुन्नरला जातो आन बरणी घिऊन येतो."

"मी येऊ का संगं?"

"काय गरज न्हाई! बरणी पारखायला मी आईकडनं शिकलोय."

जुन्नरच्या बाजारात जलालभाईंचं बरण्यांचं दुकान. सोपानराव लहानपणी आईचं बोट धरून तिथं जायचे. पेंढ्यात रचलेल्या बरण्या, त्या पेंढ्याचा वास, आणि बरणीवर टिचकी मारून कान लावणारी आई. एसटीत बसल्या बसल्या त्यांना आईची इतकी आठवण आली की कंडक्टरनं दोनदा विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

दुकानात शिरताना मात्र त्यांनी आपोआप चपला बाहेर काढल्या. पेंढा नाही, धूळ नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी फळ्या आणि प्रत्येक फळीवर दोन-तीनच भांडी, तीही भांडलेल्या जावांसारखी लांब लांब.

"माल संपलाय का गं?" त्यांनी जलालभाईंच्या सुनेला, बुशराला विचारलं.

"नाही काका. आता जपानी स्टाईलचं ठेवतो आम्ही. साधं, सुटसुटीत, रोजच्या कामाचं."

सोपानराव हिरमुसले. तेवढ्यात कोपऱ्यात त्यांना ती दिसली. दुधाळ रंग, गोल पोट, आणि झाकण बुडाखाली ठेवलेलं. त्यांनी टिचकी मारली, डोळे मिटून कान लावला. खण्ण! अगदी आईच्या बरणीसारखा आवाज.

"हीच दे."

"छान आहे काका. फक्त उन्हात ठेवा हां."

"उन्हात? फडताळात ठिवनार मी. अंधारात."

"अंधारात?" बुशरा गोंधळली. "बरं, पण रोज थोडं पाणी..."

"पानी? पोरी, थेंब जरी लागला तर बुरशी धरंल!"

"मग प्लास्टिकचं लावणार का?"

"प्लास्टिकचं नाव काढू नगंस!"

"बरं बाबा. एकदा उलटी करून तरी बघून घ्या."

"उपडी? अजाबात नाय! आई म्हनायची, बरणी उपडी केली की वरसाचं लोनचं पालथं पडतं."

घरी आल्यावर त्यांनी उज्ज्वलाबाईंना हातही लावू दिला नाही. आत तळाला कागदाची चकती चिकटवलेली होती. (कंपनीनं काळजीनं लावलेली दिसते, असं त्यांना वाटलं.) स्वतः लोणचं भरलं, वर कढवून गार केलेलं तेल ओतलं, झाकण ठेवलं, बरणी फडताळात वरच्या फळीवर ठेवली आणि समाधानानं तिथंच खाली आडवे झाले.

डोळा लागला. स्वप्नात आई आली. मांडीवर डोकं घेऊन टाळूवर तेल घालत होती. थेंब, थेंब, थेंब. काय सुख ते! फक्त आई हिंगाचं तेल कधीपासून वापरायला लागली, हे काही कळेना. मग तेल डोळ्यात उतरलं आणि सोपानराव बोंबलतच उठले.

उज्ज्वलाबाई धावल्या. आधी लोणचं काढून काचेच्या बाटल्यांत भरलं, (नवऱ्याचे डोळे नंतर धुतले) आणि मग भांडं उपडं केलं. बुडाच्या भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं.

"अवो, ही कुंडी हाये! झाकण म्हणता ती खालची ताटली! उपडी करून न्हाई बघितली?"

"आईचा नियम व्हता..."

उज्ज्वलाबाईंना हसू आवरेना. "त्यो नियम तुमच्यापुरता व्हता! सासूबाई सोता परत्येक बरणी उपडी करून बघायच्या. तुमी बघायला गेलात की हातातनं सुटायची, म्हनून तुमाला तसं सांगितलं व्हतं."

"तुला कोन म्हनलं?"

"त्याच. मी लगीन हून आले तवा पयल्याच दिशी म्हनाल्या, 'सूनबाई, माझा सोपान लई गुनाचा हाये, पर त्याच्या हातात भरली बरणी देऊ नगंस. आन रिकामीबी.'"