बाबांच्या उशाशी बसवलेले बटण

सकाळी धाकट्याने बाबांचा प्लास्टरमधला पाय उशीवर नीट ठेवला, चष्मा पुसून दिला, पाण्याचे भांडे हाताशी सरकवले आणि मग पलंगाच्या कडेला एक लाल बटण चिकटवले. बटणाची तार स्वयंपाकघरातल्या छोट्या पेटीपर्यंत नेलेली होती आणि पेटीत घंटा होती. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या बटणांसाठी प्रोग्रॅम लिहिणे ही धाकट्याची नोकरीच असल्याने, वडिलांसाठी एक घंटा म्हणजे त्याच्या हातचा मळ होता.

"हाका मारायच्या नाहीत बाबा. नुसतं दाबायचं."

"आणि उठायचं?"

"ते तर मुळीच नाही."

हाक कोणाला ऐकू न गेल्यामुळे बाबा नुकतेच एकदा स्वतःच उठायला निघाले होते, आणि नेमके ताईने ते पाहिले होते. "पुन्हा काही झालं, तर बाबांना मी माझ्याकडे नेणार," असे तिने बजावले होते. बाबांना ते नको होते. ताईच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. बाबांचीही ठरली असती.

पहिली घंटा वाजली ती थांबेचना. बटण दाबलेले असेपर्यंत वाजत राहा, असा धाकट्याचा हुकूम होता आणि बाबांनी वाचून झालेले जाडजूड पुस्तक नेमके बटणावर ठेवले होते. पेटी बटणाला उत्तर देण्यात इतकी गुंतली, की तिच्यावरची 'बंद'ची कळही तिला जाणवेना. शेवटी धाकट्याच्या बायकोने भिंतीतली पिन उपटली.

धाकट्याने हुकूम बदलला. बटण दाबलेले आहे का, हे पाहायचेच नाही. ते दाबले गेले तो क्षण तेवढा टिपायचा. दुपारी मिक्सर चालू असताना पेटी एकदा वाजली आणि गप्प झाली. बऱ्याच वेळाने धाकटा खोलीत डोकावला, तर बाबा अंगठा रोवून बसलेले.

"कधीचं दाबून धरलंय! अंगठ्याला मुंग्या आल्या."

"एकदा दाबून सोडायचं, बाबा. ते फक्त दाबल्याचा क्षण बघतं."

"वा! तू पाळण्यात रडायला लागलास की तुझी आई एकदाच डोकावून गेली असती, तर चाललं असतं का रे?"

धाकटा वरमला. म्हणून त्याने आणखी एक सोय केली. लागोपाठ तीनदा दाबले, की ताई, डॉक्टर आणि शेजारच्या काकू अशा तिघांच्याही फोनवर 'ताबडतोब या' असा निरोप जावा. बटण दाबताना आतल्या धातूच्या पट्ट्या एकदम स्थिरावत नाहीत, टप्पे खात टेकतात, हे मात्र तो विसरला. कारखान्यात ती काळजी पलीकडच्या टेबलावरचे लोक घेत. त्याच्यापर्यंत बटण येई ते शहाणे होऊनच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एकदाच बटण दाबले. पेटीने ते पाचदा मोजले.

काकू अर्ध्या केसांना रंग लावलेल्या अवस्थेत धावत आल्या. मागोमाग धापा टाकत डॉक्टर आले.

"काय होतंय?"

"चष्मा खाली पडलाय," बाबा म्हणाले. "पण बसा ना!"

ताई आली ती रिकामी बॅग घेऊनच. "पुरे झाले तुझे प्रयोग," असे म्हणून तिने बाबांच्या सदऱ्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली.

धाकट्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. पहिल्या स्पर्शानंतर क्षणभर बटणाकडे काणाडोळा करायचा, एवढीच दुरुस्ती होती. त्याने पुनःपुन्हा दाबून पाहिले. दर वेळी घंटा एकदाच, स्वच्छ वाजली.

"झालं, बाबा! आता चुकणार नाही."

"छान केलंस," बाबा म्हणाले. मग आवाज उतरवून पुटपुटले, "चष्मा मीच टाकला होता रे. कोणी येतंय का, बघत होतो."

धाकट्याने लॅपटॉप मिटला. त्याच्या धंद्यात एक जुनी, वेळखाऊ म्हणून हिणवली जाणारी रीत होती: बटणाच्या हाकेची वाट न पाहता, आपणच अधूनमधून त्याच्याकडे बघायचे. त्याने पेटीची पिन काढली, तार गुंडाळली, बायकोला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्याचे कामाचे टेबल उचलून बाबांच्या पलंगाला लावले. ताईचा घडी घालणारा हात थांबला.

तो काम करू लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"काय रे?" बाबांनी विचारले.

"काही नाही. सहज."

बाबा पुन्हा वाचू लागले. ताईने सदरे खुंटीला लावले.