माझ्या हातच्या वाती

घरात एखादी वस्तू नुसती पडून असली की मला चैन पडत नाही. रिकाम्या बरणीत मी काहीतरी भरते, जुन्या चादरींच्या पिशव्या शिवते आणि नवरा रिकामा बसलेला दिसला की त्याच्यापुढे लसूण सोलायला ठेवते. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी मी घेतलेला निर्णय मला अगदी साधा वाटला होता. अमेय विसरून गेलेलं यंत्र चालू करून बघायचं, एवढंच. यापायी संध्याकाळपर्यंत आपण सामान बांधायच्या गोष्टी करत असू, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही लसूण सोलायला बसवलं असतं.

अमेय माझ्या भावाचा मुलगा. मँचेस्टरला शिकतो. पुण्याला जाताना वाकडी वाट करून चार दिवस आमच्याकडे, या कडक कायद्यांच्या छोट्या बेटावर, पुंगोलला राहिला. दुसऱ्याच दिवशी मी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले, तर हा खिडकीत उभा आणि हातात साबणाच्या वडीएवढी चौकोनी, जड वस्तू. मी विचारलं, हे काय रे? तो जरा दचकला.

"सायनससाठी आहे, आत्या. वाफ घ्यायचं यंत्र."

माझा ताबडतोब विश्वास बसला, कारण आमच्या माहेरी सायनस सगळ्यांना आहे. (माझे वडील सकाळी शिंकायला लागले की शेजारीण दूध तापवायला ठेवायची.) वर त्याने मला कौतुकाने माहितीही दिली, की हे वापरून फेकून द्यायचं यंत्र नाही, रिबिल्डेबल आहे. आत तारेची कॉइल असते, तिच्यात कापूस असतो, तो जळला की घरच्या घरी बदलता येतो. आजकालची मुलं काही दुरुस्त करून वापरतात हे ऐकूनच मला भरून आलं. मी त्याला एक लाडू जास्त दिला.

तो गेल्यावर ते यंत्र कपाटात सापडलं. चार चादरींच्या खाली, एका मोज्यात. मी मेसेज केला. उत्तर आलं, "आत्या, ते बिघडलंय. फेकून दे प्लीज. लगेच."

आता "बिघडलंय" हा शब्द मला सांगायचा नसतो. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं, पण मी मिक्सर दुरुस्त केलाय, इस्त्री दुरुस्त केलीय आणि एकदा आमच्या लेकीची, गार्गीची, बासरीसुद्धा (ती नंतर वाजली नाही, पण तुटलेली दिसतही नाही).

शिवाय गरज होती. आमचे हे, म्हणजे पद्मनाभ, आठ दिवस सर्दीने बेजार होते. पातेल्यात पाणी उकळून टॉवेल डोक्यावर घ्यायला ते तयार नाहीत. चष्म्यावर धुकं येतं म्हणतात. चष्मा काढा म्हटलं तर म्हणतात, मग पातेलं दिसत नाही. आणि सर्दीपेक्षा त्यांना दुसराच घोर होता. नऊ वर्षं आम्ही त्यांच्या एम्प्लॉयमेंट पासवर इथे आहोत. पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, तिसऱ्यांदा अर्ज केलाय, त्याचं उत्तर कधीही येईल अशी स्थिती. गार्गीला शाळेनंतर इथेच शिकायचंय. त्यामुळे सहा महिने आमचं घर परीक्षेला बसल्यासारखं वागतंय. रस्ता पूर्ण रिकामा असला तरी हे हिरवा माणूस दिसेपर्यंत पाऊल टाकत नाहीत. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी; मी पर्समधून आवळा सुपारी काढली, तर डोळे वटारून त्यांनी ती परत आत ठेवायला लावली.

तर शनिवारी सकाळी, हे आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर असताना, मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि यंत्र उघडलं. फोनने त्याचा फोटो काढून शोधलं तर एक व्हिडिओ मिळाला. आवाज बंद ठेवला होता, आणि भाषा रशियन असावी, पण दाढीवाला मुलगा मोठ्या प्रेमाने सगळं दाखवत होता. वरचा भाग फिरवून काढायचा. आत दोन बारीक स्क्रू, त्यांच्यामध्ये बॉलपेनच्या स्प्रिंगसारखी कॉइल, आणि कॉइलमध्ये कापसाची वात.

वात पाहिल्यावर माझी भीती गेली. अहो, वात! आईबरोबर मी लक्ष वाती वळलेल्या आहेत. अमेयची वात म्हणजे नुसता बोळा होता, काळा पडलेला. मी तो चिमट्याने ओढून काढला आणि देवघरातला कापूस आणला. सरकी काढून, पेळू करून, तळहातावर दुधाचं बोट लावून वात वळली. पहिली जाड झाली, कॉइलमध्ये शिरेना. दुसरी इतकी बारीक की गळून पडली. तिसरी मात्र अशी सरकली की त्या दाढीवाल्यानेही मान डोलावली असती. दोन्ही बाजूंच्या शेपट्या कात्रीने कापल्या, खाली दडपल्या. टाकीत ओव्याचं गाळलेलं पाणी घातलं. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, परत काही नाही. मग मी मिक्सरशी बोलते तसं त्याच्याशी बोलत चार-पाच वेळा भराभर दाबलं, आणि त्याचा दिवा लागला.

हे कॉल संपवून बाहेर आले. मी म्हटलं, ओढा. ते म्हणाले, हे काय. मी म्हटलं, अमेयचं सायनसचं. ते म्हणाले, ठीक आहे. (आमच्या यांना लॅपटॉपच्या बाहेरच्या कुठल्याही यंत्राबद्दल शंका येत नाही. लॅपटॉपच्या आतल्याबद्दल रोज येते.) पहिल्याच झुरक्याला गरम ओव्याचं पाणी जिभेवर उडालं आणि हे खुर्चीतून हातभर उडाले. पण खाली आले ते दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होऊनच. म्हणाले, "उल्का, अगं श्वास येतोय." आठ दिवसांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. मग यंत्र घेऊन ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले आणि बनियनवर, डोळे मिटून, ओव्याचे ढग बाहेर सोडू लागले.

तिथेच थांबले असते तर बरं. पण चांगली गोष्ट आपल्यापुरती ठेवायची मला सवय नाही. मी खिडकीतला तो फोटो काढला आणि आमच्या सखी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोनशे अकरा बायका आहेत. खाली लिहिलं, "यांची सर्दी एका झुरक्यात पळाली. यंत्र घरीच जोडलं, वात माझ्या हातची. कुणाला हवी असल्यास सांगावे, वळून देईन."

पंधरा मिनिटांत नऊ जणींनी नावं दिली. मरीन परेडच्या प्रणिताला तिच्या सासूबाईंसाठीही हवी होती. मी कागदावर यादी करत होते, तेवढ्यात गार्गी शाळेच्या सरावावरून घरी आली. तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग बूट न काढताच आत आली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"आई, व्हॉट इज बाबा डुइंग?"

मी म्हटलं, वाफ घेतायत, सायनसची.

"आई." ती आवाज इतका खाली आणून बोलली की मला ओरडल्यापेक्षा जास्त भीती वाटली. "दॅट इज अ वेप."

मी म्हटलं, छे. वेपविरुद्धच्या, म्हणजे ई-सिगरेटविरुद्धच्या, सरकारी जाहिराती मी रोज स्टेशनवर बघते. ते लिपस्टिकसारखे रंगीबेरंगी असतात. हे चांगलं घरंदाज दिसतंय. त्यावर तिने सांगितलं की शाळेत यावर तीनदा असेंब्ली झालीय, असे चौकोनीही असतात, आणि आत ओवा असो की अमृत, यंत्र घरात ठेवणंच गुन्हा आहे. "बाबांचा पीआर आहे ना? दिस वन कॅनॉट, आई. रिअली कॅनॉट ला."

खिडकीतला ढग तिथल्या तिथे थांबला. यांनी तोंड मिटलं होतं. थोड्या वेळाने नाकातून ओवा बाहेर आला.

पुढचा अर्धा तास घरात कोणी बसलं नाही. हे "मोठ्या बॅगा कुठे आहेत, सामान बांधावं लागणार" म्हणत हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालत होते, मी त्यांच्यामागे, आणि दर फेरीला मी खिडकी लावत होते आणि ते उघडत होते. गार्गीने माझा फोन घेऊन ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी पुसला. तोवर तो एकशे चाळीस जणींनी वाचला होता. ग्रुपची व्यवस्था बघणाऱ्या सुचित्राचा लगेच फोन आला. ती एवढंच म्हणाली, "उल्काताई, मी काही पाहिलं नाही. आणि वाती देवापुरत्याच ठेवा." मी नावांची यादी फाडली, मग तुकडे भिजवले, मग ते कुंडीत पुरले.

मी अमेयला फोन लावला. त्याने सगळं कबूल केलं. इथे काय कायदा आहे ते त्याला आल्यावर जाहिरात बघून कळलं होतं, आणि मग ते घराबाहेर न्यायचा धीरच झाला नव्हता. "आत्या, तुला मी फेकून दे म्हटलं होतं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आत्याने आयुष्यात काही फेकलंय का?

आता यंत्राचं करायचं काय? कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे घरातून थेट तळाशी जाणाऱ्या नळीत, टाकावं तर आत बॅटरी, खाली स्फोट झाला म्हणजे? हे म्हणाले, आपण सरकारला सविस्तर ईमेल लिहू. ते खरंच लॅपटॉप उघडून बसले आणि "विषय" या रकान्यापाशी अडकले. शेवटी गार्गीने सांगितलं की कम्युनिटी क्लबमध्ये यासाठीच एक पेटी ठेवलेली असते. आपण होऊन त्यात टाकलं तर कोणी नाव विचारत नाही, दंड करत नाही. फक्त तिथपर्यंत नीट पोचायचं.

नेणार कोण, यावर फार चर्चा झाली नाही. यांच्या पासवर आम्ही तिघं उभे. गार्गी लहान. राहिले मी. मी यंत्र पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि स्टीलच्या छोट्या डब्यात घातलं. ओव्याचा वास बाहेर येऊ नये म्हणून डबा जमिनीवर ठेवला आणि झाकणावर गुडघा देऊन ते घट्ट बसवलं.

एलआरटीचे, म्हणजे आमच्या भागातल्या छोट्या गाडीचे, तीनच स्टॉप. पण माझ्या मांडीवरच्या पिशवीत जणू जिवंत कोंबडी होती. समोर बसलेल्या चिनी आजी माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, यांना कळलं. त्यांच्याजवळची बाबागाडीतली मुलगी पिशवीकडे बोट दाखवायला लागली. मला वाटलं, हिलाही कळलं. एरवी माझ्यापुढे दहा पावलं चालणारे हे आज गाडीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते आणि आपली ओळखच नसल्यासारखे नकाशा वाचत होते. तो नकाशा एका गोलाचा आहे. गार्गी मधे उभी राहून दोघांनाही "ॲक्ट नॉर्मल" असं खुणावत होती. मी नॉर्मल दिसावं म्हणून रामरक्षा म्हणायला घेतली. पुटपुटणाऱ्या बाईपासून शेजारचा माणूस उठून गेला.

क्लबमध्ये शिरलो तर शनिवारचा बाजार भरल्यासारखी गर्दी. बॅडमिंटन, चित्रकला, आज्यांचं नृत्य. पेटी अगदी दर्शनी भागात. मी जवळ गेले, डबा काढला आणि झाकण उघडायला लागले. उघडेना. पदर लावून बघितला, उघडेना. नाण्याने उचकटून बघितलं, उघडेना. माझा स्वतःचाच गुडघा मला नडत होता. एवढ्यात काउंटरवरचे गृहस्थ उठून माझ्याकडे यायला लागले.

"आंटी, नीड हेल्प?"

लांबून हे मला हातवारे करत होते. त्यांचा अर्थ "पळ" किंवा "टाक" यांपैकी काहीही असू शकला असता. मी विचार केला नाही. डबा तिरका केला आणि आख्खाच्या आख्खा पेटीच्या तोंडातून आत ढकलला. धडाम आवाज झाला. आज्यांचं नृत्य क्षणभर थांबलं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "नो नीड, थँक्यू," आणि बाहेर पडले.

त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही. बाहेर आल्यावर माझे पाय हलके झाले. जन्मात पहिल्यांदा मी एक वस्तू फेकली होती, आणि तीही धडधाकट डब्यासकट. यांनी नऊ वर्षांत प्रथमच चारचौघांत माझा हात धरला. म्हणाले, "उल्का, वाचलो बघ. कुणाला पत्ता नाही."

मग चार पावलांनी विचारलं, "डबा कुठला होता गं?"

मी म्हटलं, सुरेखावन्संनी दिलेला. लग्नातला.

ते थांबले. गार्गी थांबली. मग मीही थांबले, कारण वन्संनी डब्यावर भांड्यांच्या दुकानात मशिनने काय कोरून घेतलं होतं ते मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे: "चि. पद्मनाभ व चि. सौ. कां. उल्का यांस सप्रेम भेट."

"फक्त नावंच ना?" हे अगदी हळू म्हणाले. "आडनाव नाही ना?"

आडनाव वर नव्हतं. ते बुडाला होतं. मंडळाच्या गणपतीत माझे दोन डबे हरवले, तेव्हापासून मी प्रत्येक डब्याच्या बुडाला, न पुसणाऱ्या शाईने, आडनाव, ब्लॉक नंबर, घर नंबर आणि मोबाइल नंबर लिहून ठेवलाय. आणि त्याखाली, मराठी न येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून, गार्गीकडून तपासून घेतलेल्या शुद्ध इंग्रजीत, की आतला पदार्थ आवडला असल्यास जरूर कळवावे.