चिंचवऱ्याची लढाऊ गाडी

ज्या गावाच्या वेशीवर काही उभं नाही, त्या गावात एसटी थांबत नाही. आमच्या चिंचवऱ्यातून घरटी एक माणूस सैन्यात गेला, काही घरांतून दोन गेले, तरी कऱ्हाडच्या स्टँडवर आम्हाला 'सोनवऱ्याच्या अलीकडचं' एवढीच ओळख. कारण सोनवऱ्यानं वेशीवर सैन्यातून निवृत्त झालेला रणगाडा आणून ठेवला आहे. त्याची नळी बरोबर आमच्या गावाकडे रोखलेली आहे. (हा निव्वळ योगायोग आहे, असं सोनवरेकर सांगतात. चौथरा बांधताना त्यांनी दिशा दोनदा तपासून घेतली, हेही तेच सांगतात.)

सबब, गेल्या वर्षी माजी सैनिकांच्या सभेत असा ठराव झाला की, चिंचवऱ्याच्या शौर्यास साजेसं एक लष्करी वाहन वेशीवर बसवण्यात यावं. समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार लालासाहेब. सहसचिव मी. मी सैन्यात कधी नव्हतो, शाळेत होतो, पण माझं अक्षर चांगलं आहे. सुरुवातीला विमान मागवावं असा विचार होता. परंतु विमानाचे पंख कोणाच्या उसावर येतात यावरून भाऊबंदकी सुरू झाली आणि समिती ट्रकवर उतरली.

ट्रक मिरजेत सापडला. सुकुमारशेठ नावाचे जुन्या गाड्यांचे व्यापारी आहेत, त्यांच्या आवारात सैन्यातला एक शक्तिमान ट्रक लिलावात घेतल्यापासून उभा होता. मात्र तो लगेच ताब्यात मिळाला नाही. बॉनेटमध्ये बुलबुलाचं घरटं होतं.

"पिल्लं उडाली की गाडी तुमची," सुकुमारशेठ म्हणाले. "तंवर हात लावायचा न्हाई. आमी जैन हाय."

"शेठ, ही लढाईतली गाडी आहे," मी म्हणालो.

"आसंल. पर आता तिनं शस्त्रं खाली ठेवल्यात की."

भारतीय सैन्याचं वाहन दोन पिल्लांनी अडवून धरल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. समिती परत निघाली, पण लालासाहेब निघेनात. ते गाडीभोवती हळूहळू फिरले, मागच्या डाव्या कोपऱ्यावर एक मोठा पोचा होता त्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हीच."

समितीला तेवढा एक शब्द पुरला. पेठ नाक्याला चहा होईपर्यंत तो पोचा तोफगोळ्याचा झाला होता आणि कऱ्हाड येईपर्यंत लालासाहेबांनी तो गोळा उडताना पाहिला होता.

पिल्लं उडाली, गाडी आली, आणि तिचा सेवा-इतिहास नोंदवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते मी घरोघर जाऊन पार पाडलं. गावातल्या बहुसंख्य माजी सैनिकांनी या गाडीतून प्रवास केल्याचं निष्पन्न झालं. ही गाडी एकाच हिवाळ्यात लडाखच्या बर्फात, कच्छच्या रणात आणि आसामच्या चिखलात होती. (तिघेही सांगणारे सज्जन आहेत आणि एकमेकांचे व्याही आहेत.) ज्यांचा स्वतःचा गाडीशी संबंध आला नव्हता, त्यांच्या वडिलांचा आला होता. नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनीही नाव नोंदवलं. त्यांना मी फक्त एवढंच विचारलं की भरतीला की ओहोटीला.

एकटे लालासाहेब काही नोंदवत नव्हते. "लिहा काय लिहायचं ते," म्हणायचे आणि गाडी पुसायला लागायचे.

रंग खरवडायचं काम त्यांची नात राजेश्वरी हिच्याकडे होतं. ती कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकते. हिरव्या रंगाखालून आणखी हिरवा निघाला, त्याखालून खाकी, आणि एके दिवशी पुढच्या बंपरच्या वर भलामोठा लाल रंगातला इंग्रजी 'एल' निघाला. मागेही तसाच.

तातडीची सभा बोलावण्यात आली. एल म्हणजे लेह, असं एक मत पडलं. एल म्हणजे लोंगेवाला, असं दुसरं. तिसऱ्या गटाचं म्हणणं असं की एल म्हणजे लाहोर. गाडी तिकडेच निघाली होती, वरून हुकूम आला म्हणून थांबली. राजेश्वरी मागं उभी होती. ती म्हणाली, "एल म्हणजे लर्नर. शिकाऊ."

त्यावर नौदलवाले म्हणाले, "पोरी, तुजा अभ्यास काय झालाय का न्हाई?" आणि मतदान घेण्यात आलं. लेह बहुमतानं मंजूर झालं. अध्यक्षांनी मत दिलं नाही.

त्याच आठवड्यात नानासो मेकॅनिकनं गिअरबॉक्स उघडला आणि मला बोलावून घेतलं. "आवं गुर्जी, ही गाडी फुडं गेलीच न्हाई वाटतं कवा. फुडचे गिअर वापरल्याबिगर गंजून बसल्यात. मागं जायाचा तेवढा घासून घासून गुळगुळीत झालाय. आयुष्यभर रिव्हर्सच घेतलाय ह्या बाईनं."

राजेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी वर पत्र्याकडे पाहिलं. तिथून आम्ही दोघं थेट लालासाहेबांच्या घरी गेलो. ते गाडीसाठी मेण आणायला बाहेर पडले होते. त्यांच्या पत्नी शालूबाई भाकऱ्या थापत होत्या.

"आजी, आबांची आणि त्या गाडीची ओळख कुठली?" राजेश्वरीनं विचारलं.

"आगं, ड्रायव्हर व्हायला गेलं हुतं की सैन्यात," शालूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "तिथं शाळा असती गाड्याची. फुडं चालवायचं लगीच जमलं. मागं घ्यायला शिकवायची गाडी येगळीच हुती, ती काय जमंना. तीनदा परीक्षा दिली, तिन्ही येळा नापास. तिसऱ्यांदा तर सायबाच्या हापिसाच्या भितीवरच घातली. मागला डावा कोपरा."

"मग?"

"मग काय, स्टोरला टाकलं. चोवीस वर्सं घोंगड्या मोजल्या. पर त्या गाडीचा सल काय जात न्हाई मनातला. झोपंत अजून डावीकडं वळत्यात. मी उजव्या अंगाला झोपती म्हणून वाचली."

म्हणजे गावातल्या एवढ्या साक्षीदारांत या गाडीत खरोखर बसलेला एकच माणूस होता आणि त्यानं एक ओळही लिहून दिली नव्हती. राजेश्वरीचे डोळे भरून आले. मला मात्र पेच पडला, कारण सेवा-इतिहासाचा संगमरवरी फलक कोरून झाला होता आणि त्यात लेहचं युद्ध होतं. आम्ही गप्प राहायचं ठरवलं. (शासकीय भाषेत याला 'प्रकरण विचाराधीन' म्हणतात.)

लोकार्पणाचा दिवस उजाडला. पाचगणीहून एक निवृत्त कर्नलसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. हलगी, घुमकं, कैताळ अशी वाजंत्री, झेंडूच्या माळा, कलशवाल्या बायका, आणि नानासोच्या वर्कशॉपच्या कंपाऊंडला टेकून बघायला आलेले निम्मे सोनवरेकर. वर्कशॉपपासून वेशीपर्यंत गाडी स्वतःच्या पायांनी जाणार होती. नानासो आत बसला. इंजिन सुरू झालं, गावानं श्वास रोखला, आणि नानासोनं आठवडाभर तेल पाजून सैल केलेला पुढचा गिअर टाकून पाहिला. पडेना. दोन्ही हातांनी ओढला. पडेना. मग त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मागला पडतोय. फुडला न्हाई."

"मग मागं चालव," कोणीतरी सुचवलं.

"त्या बोळातनं? एका अंगाला दूधडेरी, दुसऱ्या अंगाला गटार. आपल्याच्यानं व्हायचं न्हाई गड्या." आणि नानासो खाली उतरला.

लडाखवाले, कच्छवाले, आसामवाले एकमेकांच्या पाठीमागं सरकले. सोनवरेकर हसायला लागले. तेव्हा कोट आणि पदकं घालून व्यासपीठावर बसलेले लालासाहेब उठले. पायऱ्या उतरले, चपला काढल्या, आणि गाडीत चढले.

"आवं, राहू द्या की," शालूबाई म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. राजेश्वरी मागं जाऊन हातानं दिशा दाखवायला लागली, तर त्यांनी तिला बाजूला व्हायची खूण केली. आरशात पाहिलं. गाडी मागं सरकली.

पुढं जे घडलं त्याचं इतिवृत्त मी दोनदा लिहून फाडलं. मिरवणूक गाडीच्या पुढं असावी असा नियम आहे, पण गाडीची पुढची बाजू आता मागं होती. हलगीवाले धावत दुसऱ्या टोकाला गेले. कलशवाल्या बायका गाडीच्या तोंडाला ओवाळायचं म्हणून तिच्यामागून पळत सुटल्या, म्हणजे पुढून. कर्नलसाहेब कुठं उभं राहून सलाम करायचा हे न कळून जागच्या जागी गोल फिरले. आणि या सगळ्या गोंधळातून ती अवजड गाडी दूधडेरीच्या कट्ट्याला बोटभर जागा सोडून, गटाराच्या कडेनं, वळणावर अजिबात न अडखळता, लोण्यातून सुरी जावी तशी मागं मागं जात राहिली. वेशीवरच्या नव्या चौथऱ्याची चढण ती एका दमात चढली आणि पांढऱ्या पट्ट्यावर थांबली. मागल्या डाव्या कोपऱ्याला ओरखडा नाही.

सोनवरेकरांनी टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेबांना अखेर जागा सापडली आणि त्यांनी सलाम ठोकला. लालासाहेब स्टिअरिंग धरून बसूनच होते. शालूबाई दारापाशी गेल्या.

"झालो पास," ते म्हणाले.

"व्हय, झाला. उतरा आता, जेवाण निवतंय."

त्यांनी उतरायला मात्र पुष्कळ वेळ लावला. राजेश्वरीनं हात दिला तेव्हा म्हातारा हसत होता आणि गालावरून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी एक तांत्रिक अडचण लक्षात आली. रिव्हर्समध्ये आल्यामुळे गाडीचं तोंड गावाकडे आणि पाठ रस्त्याकडे झाली होती. सोनवऱ्यात लगेच म्हणायला लागले की चिंचवऱ्यानं वेशीवर पळून आलेली गाडी ठेवलीय. गाडी फिरवणं शक्य नव्हतं, कारण ती पुढं जात नाही. समितीनं रीतसर चर्चा करून लेहचा फलक उतरवला आणि नवा कोरून घेतला. त्यावर चारच शब्द आहेत: 'ही गाडी परत आली.' आता एसटी थांबते. लोक उतरून फोटो काढतात, आणि फलक वाचून थोडे हसतात.

तुम्हीही हसत असाल. हरकत नाही. तुमच्याही घराण्यात पानिपतावर लढलेला एक पूर्वज असेलच; मराठी माणसाच्या घराण्यात तो असतोच, आणि लग्नाच्या बैठकीत तो निघतोच. तिथं जे शेवटपर्यंत पाय रोवून उभे राहिले, त्यांतल्या कित्येक कोवळ्या, बिनलग्नाच्या पोरांचा वंश त्याच दिवशी खुंटला. ज्या अर्थी तुम्ही हे वाचत आहात, त्या अर्थी तुमचा तो पूर्वज घरी परतला. कोणत्या गिअरमध्ये, ते आमच्या समितीनं अद्याप कोणाला विचारलेलं नाही.