पिस्टनचं कुंकू

कामरगावच्या हरीओमच्या लेथवर आजवर पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरच्या पिना सोडून दुसरं काही चढलं नव्हतं. त्यामुळे कारंज्याच्या डेअरीवाल्या जानरावांनी श्रीखंड भरायच्या मशीनचा स्टीलचा पिस्टन बनवायला दिला, तेव्हा त्याची छाती फुगली. अट एकच. पिस्टन आरशासारखा हवा, श्रीखंड चिकटता कामा नये. जमलं तर डेअरीचं पुढचं सगळं काम त्याचं. नाही जमलं तर पुन्हा पिना.

त्याने पिस्टन बरोबर मापात उतरवला, पॉलिश पेपरने घासला, मग बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरला. स्वतःच्या नाकातले केस त्यात दिसायला लागले, तेव्हाच तो जेवायला उठला. परत येतो तर आईने, म्हणजे तुळसाबाईने, पिस्टनला हळदकुंकू लावून ठेवलेलं. एवढं मोठं काम घरातून बाहेर पडतंय, ते कोरं कसं पाठवायचं, असं तिचं म्हणणं.

हरीओमने हाताशी होतं त्या फडक्याने ते खसखसून पुसलं. कुंकवात कच होती, पिस्टनवर बारीक रेघा उमटल्या. झालं, पुन्हा पेपर, पुन्हा बफ. तो पाणी प्यायला वळला की तुळसाबाई पुन्हा कुंकू लावून मोकळी, कारण पुसलेलं कुंकू तसंच ठेवणं तिला अशुभ वाटे.

"माय, काहून माह्या कामाच्या मागं लागली तू?"

"मी लावतो, तू पुसत राह्यतं. नको पुसू ना."

जानराव दारात येईपर्यंत हेच चाललं. शेवटचा हात हरीओमचा फिरला होता. जानरावांनी पिस्टनमध्ये बघून आधी मिशा सारख्या केल्या, खूश झाले आणि सोबत आणलेल्या सिलिंडरमध्ये तो सोडला. पिस्टन वरून आत गेला आणि खालून सरळ त्यांच्या पायाशी पडला.

हरीओमने तो उचलून मोजला. त्याने खरं ते सांगून टाकलं, की दरवेळी रेघा काढताना थोडं थोडं स्टील गेलं आणि पिस्टन बारीक झाला.

"मंग मी काय म्हणून राह्यली होती?" तुळसाबाई म्हणाली. "पुसू नको म्हणूनच ना?"

जानरावांनी दुसरा पिस्टन सांगितला, पण सांगितला तो तुळसाबाईला.

"कुंकू असू द्या काकू. आमी तिकडे पाण्यानं धुऊन घेऊ."

पाणी हरीओमला सुचलंच नव्हतं.